सात रात्री लसणाचं तेल, आणि हातची जाणारी वेळ

गेला महिनाभर आमच्या कोल्हापुरात भावकीच्या, तालमीच्या आणि गल्लीच्या अशा तिन्ही व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. त्यात चार गोष्टी सांगितल्यात. बहिरेपण म्हणजे कानात साचलेला मळ. लसूण टाकून कढवलेलं मोहरीचं तेल सात रात्री चार-चार थेंब सोडलं की ऐकू यायला लागतं. ऐकायचं मशीन लावू नका, कान आळशी होतात. आणि साठीनंतर कमी ऐकू येणारच, त्याचं मनावर घ्यायचं नाही. शेवटी ‘पुढे पाठवा, कुणाचं तरी भलं होईल’. पाठवणारे खरोखर भल्यासाठीच पाठवतात, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

आधी मळ आणि तेल, कारण या मेसेजमध्ये खऱ्याचा जो काय अंश आहे तो इथंच आहे. कानाची बाहेरची नळी साधारण अडीच सेंटीमीटरची. तिच्या टोकाला जेमतेम एक सेंटीमीटर रुंदीचा पडदा, त्यामागं तीन बारकी हाडं आणि त्याच्याही आत शंखासारखा वळलेला आतला कान. मळ घट्ट होऊन नळी बंद झाली असेल तर तेलानं तो मऊ होतो, सुटतो आणि कान एकदम मोकळा होतो. म्हणजे ‘मला गुण आला’ म्हणणारा शेजारी खोटं बोलत नाही. पण त्याचं दुखणं मळाचं होतं, लसणाचा त्यात काही हात नाही. ज्याचं दुखणं पडद्याच्या आत आहे, त्याच्यापर्यंत ते तेल पोचतच नाही.

आणि पोचलं, तर पडद्याला भोक आहे असं समजायचं. माझ्या मावशीचा डावा कान लहानपणी वाहायचा. पडद्याला भोक राहिलेलं, ते कुणालाच माहीत नव्हतं. तिनं तेल सोडलं. तिसऱ्या रात्री कान ठणकायला लागला, मग खाज, मग घाण वास. डॉक्टरांनी दुर्बिणीतून स्क्रीनवर दाखवलं तेव्हा आत ओल्या कागदाच्या लगद्यासारखा पांढरा थर होता आणि त्यावर काळे ठिपके. बुरशी. सक्शननं ती काढायला तीन खेपा झाल्या. म्हणून ज्याचा कान कधी वाहिलाय, त्यानं डॉक्टरांनी आत बघितल्याशिवाय कानात काहीही घालू नये. रंकाळ्यात किंवा पंचगंगेत बुडी मारणंही तोवर नको.

कानातला मळ म्हणजे घाण नव्हे, कातडीला जपणारा तो लेप आहे आणि बहुतेकांचा आपोआप बाहेर सरकतो. काडेपेटीची काडी, किल्ली, इयरबड यांनी तो उलट आत ठासला जातो.

आता ज्या बहिरेपणाला तेलाचा काडीचाही उपयोग नाही, ते आमच्या घरात आहे. आण्णांनी शिवाजी उद्यमनगरात बत्तीस वर्षं फौंड्रीत फेटलिंग केलं, म्हणजे दिवसभर कास्टिंगवर ग्राइंडर. कानाला संरक्षण काय, तर कापसाचा बोळा, जो असून नसल्यासारखा. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास हीच सुरक्षिततेची सीमा धरतात आणि पुढं प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं. विसर्जनाला महाद्वार रोडवर साउंडच्या भिंतीपुढं आपली पोरं किती तास नाचतात, ते प्रत्येकानं आठवून बघावं. रात्री घरी आल्यावर कानात ‘कुईं’ वाजतं, तो त्याच माराचा आवाज असतो. आतल्या कानात जन्मतः साधारण पंधरा हजार केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी, असतात. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही.

आण्णा कायम म्हणायचे, “ऐकू येतंय की रं, पर काय म्हणतोयस ते कळंना.” आम्हाला वाटायचं, लक्ष देत नाहीत. तपासणीला त्यांना बंद खोलीत हेडफोन लावून बसवलं. आवाज आला की बोट वर करायचं. काचेपलीकडून आम्हाला यंत्रावरचा दिवा लागताना दिसत होता आणि आण्णांचं बोट मांडीवरच होतं. जाड आवाजांना ते पटापट बोट वर करत होते, बारीक आवाज सुरू झाले आणि बोट थांबलं. ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरं बारीक आवाजातली असतात, म्हणून ‘सात’चा त्यांना ‘हात’ ऐकू यायचा. आम्ही इतकी वर्षं नुसतं ओरडत होतो, त्यानं ‘आ’ मोठा होतो, ‘स’ नाही.

मशीननं कान आळशी होतात हे तर सरळ उलटं आहे. वर्षानुवर्षं बारीक आवाज मेंदूपर्यंत गेलेच नाहीत की ते ओळखायची सवय मोडते. म्हणून मशीन लावलं की पहिले काही दिवस भांडी, पंखा, पिशवीचा कागद सगळं अंगावर येतं. आण्णांनीही तिसऱ्या दिवशी काढून कपाटात ठेवलं होतं. ऑडिओलॉजिस्टनं, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञानं, दोनदा सेटिंग बदललं, रोज थोडा थोडा वेळ वाढवला, सहा आठवड्यांत बसलं. ऑडिओग्राम, म्हणजे कुठला आवाज किती ऐकू येतो त्याचा आलेख, न काढता कुठलंही तयार डबीतलं आवाज वाढवणारं यंत्र घेऊ नका, ते जाड-बारीक सगळंच सारखं वाढवतं.

वयाबद्दल एवढंच सांगतो. वयानं चष्मा लागतो तेव्हा आपण ‘मनावर घेऊ नका’ म्हणत नाही. स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये मांडली, त्यात कमी ऐकू येणं आहे.

पण हा मेसेज मला सगळ्यात घातक वाटतो तो ‘सात रात्री’ या दोन शब्दांमुळं. काहींना झोपेतून उठल्यावर एक कान अचानक बंद झालेला जाणवतो, शिट्टी वाजते, गरगरतं. वाटतं मळ असेल, सर्दी असेल. आतला कान गेलेला असू शकतो. ही तातडीची अवस्था आहे. यावर स्टेरॉइड देतात आणि ते जितकं लवकर तितकं बरं, पहिल्या दोन आठवड्यांच्या आत. असं झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं जा, खाजगी परवडत नसेल तर सीपीआर या सरकारी दवाखान्याची ओपीडी आहे. तेलाच्या सात रात्रींत त्या दोन आठवड्यांतला निम्मा वेळ गेलेला असतो.