प्रीमियम कोणी ‘टाइप’ करत नाही

सांगली-मिरजेच्या निम्म्या ग्रुपांवरून फिरून तो मेसेज माझ्या भाच्यापर्यंत पोचलाच. म्हणे, निफ्टी ऑप्शनचा प्रीमियम, म्हणजे ऑप्शनचा भाव, ‘ऑपरेटर’ मनाला येईल तसा लावतो, बाजार चढला तरी तुमचा कॉल (ठरल्या भावाला घेण्याचा हक्क) मुद्दाम पाडतो, तुमचा स्टॉपलॉस (भाव पडला की आपोआप विकायची ऑर्डर) त्याला दिसतो. उपाय? एक्स्पायरीला, म्हणजे ऑप्शनची मुदत संपते त्या दिवशी, दुपारी अडीचला चालू पातळीपासून लांबचा स्वस्त कॉल घ्या, तीन रुपयांचे तीस होतात. भाच्याने नुकतंच खातं उघडलंय, म्हणून हा खटाटोप.

मनाला येईल तसा भाव लावून बघाच. फ्युचर (वायदा) 25,000 वर, त्याच एक्स्पायरीचा 25,000 चा पुट (ठरल्या भावाला विकण्याचा हक्क) 300 ला, आणि कोणी कॉल 340 वर नेऊन ठेवला, तर दुसरा कॉल विकेल, पुट आणि फ्युचर घेईल. बाजार कुठेही जावो, खर्च सोडून 40 रुपये त्याचे. यासाठी टपलेले कॉम्प्युटर कमी नाहीत, असा फरक टिकतच नाही. मार्केट मेकर दोन्ही बाजूंचे भाव देतो आणि मधल्या फरकावर जगतो. मार्केट यार्डातला हळदीचा व्यापारी माल घेऊन वायद्यात विकून ठेवतो, तसा हा कॉल विकला की हिशेबाने फ्युचर घेतो. तुमचा कॉल पडण्यात त्याला विशेष रस नसतो.

बाजार चढूनही कॉल पडतो, हे खरंय. प्रीमियममध्ये अस्थिरतेचीही, म्हणजे बाजार किती हलेल या अंदाजाचीही, किंमत असते. लोकसभा निकालाच्या दुसऱ्या दिवशी, 5 जून 2024 ला, निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त चढला आणि हा अंदाज मोजणारा इंडिया व्हिक्स जवळपास 30 टक्के कोसळला. अस्थिरता उतरली की कॉलचा भावही उतरतो, त्यात फसवणूक कुठली? स्टॉपलॉस तर ट्रिगर होईपर्यंत मार्केट डेप्थमध्ये (सगळ्यांना दिसणाऱ्या ऑर्डरच्या यादीत) दिसतही नाही.

आता अडीचचा उपाय, कारण खड्ड्यात घालणारा तोच आहे. वार्षिक अस्थिरता 12 टक्के धरली तर 25,000 चा निफ्टी शेवटच्या तासात साधारण 75 पॉइंट हलतो. 100 पॉइंट लांबच्या कॉलची किंमत येते तीन रुपयांच्या आसपास. म्हणजे तो स्वस्त नाही, त्याची लायकीच तेवढी आहे. एक्स्पायरीला तीस मिळायला निफ्टी 130 पॉइंट वर हवा; शंभरातून जेमतेम चार वेळा. त्यात सेटलमेंट, म्हणजे शेवटचा हिशेब, शेवटच्या अर्ध्या तासाच्या सरासरीवर, शेवटच्या मिनिटाच्या उडीवर नाही. एका लॉटला (एका वेळी घ्यावा लागणारा गठ्ठा) दोनशे रुपयांच्या आसपास लावायचे आणि घेताना ब्रोकरेज, विकलाच तर पुन्हा ब्रोकरेज द्यायचं, वर कर. ‘फक्त प्रीमियमच जाईल’ म्हणे. दर आठवड्याला जाईल, त्याचं काय?

एक मान्य करतो, नाइलाजाने. 3 जुलै 2025 च्या अंतरिम आदेशात बाजार नियामक सेबीने जेन स्ट्रीट या अमेरिकन ट्रेडिंग कंपनीवर बँक निफ्टी या बँक शेअरांच्या निर्देशांकात हेराफेरी केल्याचा ठपका ठेवला, 4,843 कोटी रुपये वेगळ्या खात्यात जमा करायला लावले. कंपनीने तो नाकारलाय. पण आरोप इंडेक्स (निर्देशांक) ढकलल्याचा आहे, प्रीमियम हाताने लिहिल्याचा नाही. आणि इंडेक्स ढकलणारा समोर असेल, तर तीन रुपयांचा कॉल घेऊन तुम्ही त्याच्यावर मात करणार?

सेबीचाच सप्टेंबर 2024 चा अहवाल वाचा: तीन वर्षांत एफ अँड ओमधल्या (फ्युचर आणि ऑप्शनमधल्या) 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा, सरासरी दोन लाख. मेसेजवाला उरलेल्या सातात असेल तर त्याने वर्षभराच्या कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरने दिलेल्या सौद्यांच्या पावत्या) टाकाव्यात. भाच्याने मागितल्या होत्या. ॲडमिनने त्याला ग्रुपमधून काढलं.