जुलैतही या, पक्षी असतात

‘मार्च सरला की कोकणकिनाऱ्यावर समुद्रपक्षी बघण्यासारखे उरत नाहीत’ हे लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. कुरव (सीगल) परत उत्तरेला जातात, खरं आहे. पण गेल्या जुलैत रत्नागिरीत रत्नदुर्ग किल्ल्याच्या दीपगृहाजवळ मी सकाळचे तीन तास उभी होते. पश्चिमेचा भणाणता वारा, दुर्बिणीच्या काचा खाऱ्या तुषारांनी सारख्या धुरकट होत होत्या. तरी लाटांना लागून जाणारे काळसर पाठीचे सुरय (टर्न) पक्षी दिसले. एक तर इतक्या जवळून गेला की डोळ्यावरची पांढरी भुवईसुद्धा दिसली! वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर यांची वीण होते, त्याचाही उल्लेख हवा होता.

आणखी एक. वादळात दमून वाळूवर पडलेला पक्षी लोक उचलून पुन्हा पाण्यात सोडतात. कृपया तसं करू नका. खोक्यात, अंधारात शांत ठेवा आणि लगेच वनखात्याला कळवा.