शंभर कंपन्या, एक झाड आणि पाच एचपीची मोटार

‘गावाचा, सोसायटीचा कार्बन कमी करा म्हणणारे तुम्हाला येडं बनवताहेत’ अशा थाटाचा एक मेसेज सध्या ग्रुपवर फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: जगातलं ७१ टक्के प्रदूषण शंभर कंपन्या करतात. भारतीय माणूस मुळातच कमी कार्बन सोडतो. गावातल्या लोकांना या विषयाचं काही पडलेलं नाही. आणि फारच वाटत असेल तर घरटी एक झाड लावा, बाकी सरकार बघेल. प्रत्येक मुद्द्यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो इतका पुढे ढकलला जातो.

आधी ७१ टक्के. हा आकडा २०१७ च्या ‘कार्बन मेजर्स’ अहवालातला, आणि तो सगळ्या प्रदूषणाचा नाही, १९८८ पासूनच्या औद्योगिक हरितगृह वायूंचा आहे. या शंभर कंपन्या कोळसा, तेल आणि वायू काढणाऱ्या. आपली कोल इंडियाही त्यात आहे. त्यांच्या नावावर मांडलेल्या उत्सर्जनातलं सुमारे ९० टक्के त्यांनी विकलेला माल दुसरीकडे कुठेतरी जळल्यामुळे होतं. तिच्याच वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स) या कंपनीचा कोळसा चंद्रपूरच्या वीज केंद्रात जळतो आणि त्या विजेवर आपल्या विहिरीवरची मोटार चालते. म्हणजे ती मोटार त्या ७१ टक्क्यांत आधीच धरलेली आहे. कंपन्यांना जाब विचारायलाच हवा, पण हा आकडा दाखवून स्वतःचं नाव यादीतून कापता येत नाही.

दरडोईचा मुद्दा बराचसा मान्य. आपला माणूस वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त आणि अमेरिकनाची सातेक पट. जागतिक परिषदेत भारताने हे ठणकावून सांगावंच. फक्त त्या दोन टनांत कोथरूडचा तीन एसींचा फ्लॅटही आहे आणि मेळघाटातली चूलही. हा मेसेज बहुतेक वेळा फ्लॅटमधून येतो.

‘लोकांना पडलेलं नाही’ हा खरा कळीचा मुद्दा. ‘कार्बन’ म्हणून सभा बोलावली तर चहापुरती माणसं येतील, हे कबूल. पण ‘दिवसा लाईट’ म्हणून बोलावून बघा. राज्यात पंचेचाळीस लाखांच्या आसपास कृषिपंप आहेत आणि पाळी रात्रीची असली की मोटारीला लागणारी थ्री फेज वीज रात्रीच येते. बॅटरी घेऊन बांधावर जायचं, पाण्याचं बारं मोडायचं म्हणजे एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायचं, साप-विंचवाची भीती धरायची. जुन्नर-शिरूरच्या उसात तर बिबट्या. राज्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेत वीज उपकेंद्राजवळच्या जमिनीवर पॅनेल बसवून तिथून शेतीपंपांना जाणारा फीडर, म्हणजे वीजवाहिनी, दिवसा चालवायची, असा बेत आहे. दिवसा लाईट मिळते म्हणून शेतकरी त्यात येतो. त्याने कार्बनचं नावही घेतलं नाही तरी कोळसा वाचतोच. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात सहा शेतकऱ्यांनी २०१६ मध्ये सौरपंपांची सहकारी संस्थाच काढली. पंप चालवून उरलेली वीज ते विकू लागले. सहकाराची सवय असलेल्या आपल्या मुलखाला हे काही अवघड नाही.

गोबरगॅसचंही तेच. सिंधुदुर्गात झारापच्या भगीरथ प्रतिष्ठानाने असे हजारो संच उभे केले. दोन घनमीटरच्या संचाला रोज पन्नासेक किलो शेण लागतं, म्हणजे गोठ्यात चार-पाच जनावरं हवीत. ते पाण्यात कालवून टाकीत ओतायचं काम बहुधा घरातल्या बाईवरच पडतं. तरी ती ते करते, कारण सरपणाची मोळी आणि चुलीचा धूर दोन्ही सुटतात, वर शेताला स्लरीचं (संचातून निघणाऱ्या शेणकाल्याचं) खत मिळतं. अनुदानाचं टार्गेट गाठायला बांधलेले संच मात्र ठिकठिकाणी बंद पडलेले दिसतात. आणि गळका संच चालू ठेवण्यात अर्थ नाही. त्यातून सुटणारा मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरतो. म्हणून दुरुस्ती येणारा गवंडी गावातलाच हवा.

आता झाड. लावा, जरूर लावा. पण हिशेब बघा. चांगलं वाढलेलं झाड वर्षाला ढोबळमानाने वीस किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं. पाच एचपीची मोटार आठ तास चालली की तीसेक युनिट जळतात, आणि आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो उत्सर्जन होतं. म्हणजे झाडाची वर्षाची कमाई मोटार एका दिवसात उडवते. शिवाय रोप लावणं सोपं, जगवणं गावाच्या हातात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची झाडं टिकली ती कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी गावाने स्वतःवर घालून घेतली म्हणून. एकट्याने कुऱ्हाड टाकून काही झालं नसतं.

राहिलं ‘सरकार बघेल’. सौर वाहिनीसाठी गायरान द्यायचं म्हटल्यावर काही गावांत विरोध झाला, आणि तो उगाच नव्हता. ज्यांची शेरडं-मेंढरं त्या रानावर जगतात त्यांना आधी कुणी विचारलंच नव्हतं, तर ते गप्प का बसतील? योजनेत ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख, असे तीन वर्षांत पंधरा लाख देण्याची तरतूद आहे. कोणता तुकडा द्यायचा, चराईला किती राखायचा आणि ते पंधरा लाख कशावर लावायचे, हे मुंबईत बसून ठरवलं की प्रकल्प अडतो. त्यासाठी ग्रामसभाच लागते, आणि तीही कोरम (ठरलेली किमान हजेरी) भरलेली.