मेट्रन मॅडमच्या कमेंटला उत्तर (जरा लांबलंय)

मॅडम नमस्कार. तुमची कमेंट मोठी आहे आणि चांगलीच तापून लिहिलेली आहे, म्हणून खाली दोन ओळी टाकून मोकळं होण्यापेक्षा इथे सविस्तर लिहिते. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या वेळी मी लिहिलं होतं की वॉर्डात बरीच वर्षं काढलेली नर्स वकिलांना केस पेपर वाचून देण्याचं काम करू शकते. त्यावर सरकारी हॉस्पिटलातून मेट्रन (सगळ्या नर्सेसची प्रमुख) म्हणून रिटायर झालेल्या मॅडम म्हणतात की हे अमेरिकेचं खूळ आहे, इथे कोर्टात नर्सला कोण विचारतंय (त्यांचे चिरंजीव वकील आहेत, तेही हेच म्हणाले), जीएनएमच्या (नर्सिंगचा डिप्लोमा) पोरींना मी नसती स्वप्नं दाखवतेय, आणि आपल्याच सिस्टर लोकांच्या नोट्स वकिलाच्या हातात देणं म्हणजे घरभेदीपणा.

खूळ अमेरिकेचं, हे कबूल. तिकडे 1989 पासून असं काम करणाऱ्या नर्सेसची (लीगल नर्स कन्सल्टंट म्हणतात त्यांना) स्वतःची संघटना आहे, सर्टिफिकेशन आहे, नर्सिंग केअर नीट झाली का नाही हे सांगायला कोर्टात नर्सच उभी राहते. आपल्याकडे असली पोस्टच नाही. पण पोस्ट नाही म्हणजे काम नाही असं थोडंच आहे? इथे बसून तिकडच्या लॉ फर्मचे मेडिकल रेकॉर्ड वाचणाऱ्या कंपन्या आहेत, त्यात बीएचएमएस, फिजिओ यांच्या शेजारी नर्सेसही बसतात. कुणाचा तरी ॲक्सिडेंट झालेला असतो, हजारभर पानांची पीडीएफ येते, त्यातली डबल पानं काढायची, तारखा क्रमाने लावायच्या, पाठदुखी ॲक्सिडेंटच्या आधीपासूनची होती का ते शोधायचं. पानांचं टार्गेट असतं, डोळ्यांची वाट लागते. ग्लॅमर शून्य, पण ती नोकरी आहे हो.

आता चिरंजीवांचा मुद्दा. ते बरोबर सांगतायत, फक्त अर्धं सांगतायत. डॉक्टरवर क्रिमिनल केस असेल तर सुप्रीम कोर्टाच्या 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर पोलिसांना त्याच शाखेच्या, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत लागतं, तिथे नर्सचं काम नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 39 मध्ये तज्ज्ञ म्हणजे त्या विषयात खास जाण असलेली व्यक्ती, डॉक्टरच हवा असं त्यात लिहिलेलं नाही, पण कागदावरचा कायदा आणि आपल्याकडची सवय यात किती अंतर असतं ते तुम्ही आम्ही दोघी जाणतो. म्हणून मी कधीच म्हटलं नाही की नर्सने साक्षीला जावं. माझं काम त्याच्या कितीतरी आधी संपतं. ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षांची मुदत, नातेवाईक येतात बाविसाव्या महिन्यात, प्लास्टिकच्या पिशवीत सगळं कोंबलेलं, लॅबचे रिपोर्ट, मेडिकलची बिलं, डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स. वकिलाला आधी हे कळायला हवं की यात केस आहे का. किती वेळा उत्तर "नाही" असतं, पेशंट गेला पण ट्रीटमेंट व्यवस्थित होती, आणि ते आधीच कळलं तर त्या घरच्यांचे पैसे आणि चार वर्षं वाचतात. शिवाय व्ही. किशन राव प्रकरणात 2010 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की ग्राहक आयोगापुढे प्रत्येक केसला तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही. मग तर कागद नीट लावलेले असणं आणखीनच महत्त्वाचं.

घरभेदीपणाचं मात्र लागलं मला. त्यावर एक पेपर कसा वाचते तेच सांगते. सिझर झालेली पेशंट समजा. नाडी 88, मग 104, मग 126. बीपी मात्र 110/70 लिहिलेलं, त्यामुळे वकील म्हणतो पेशंट स्टेबल होती की. युरिन बॅगेत चार तासात 40 एमएल. तुम्ही हे आकडे वाचतानाच खुर्चीत पुढे सरकला असाल, कारण बीपी सगळ्यात शेवटी पडतं, आत कुठेतरी रक्त चाललंय. मग पुढची ओळ शोधायची, कुणाला कळवलं आणि किती वाजता. नुसतं "डॉक्टरांना कळवले" असेल तर सिस्टर गोत्यात. "2.10 ला आरएमओंना (ड्युटीवरचे डॉक्टर) फोन, 2.25 ला परत फोन, 2.40 ला येऊन पाहिले, नवीन ऑर्डर नाही" असं असेल तर तीच ओळ तिची नोकरी वाचवते. आणि उलटंही सापडतं. ॲनेस्थेशियाच्या चार्टप्रमाणे पेशंट 6 वाजता ओटीत टेबलावर आहे आणि वॉर्डच्या शीटवर 6 चा टीपीआर (ताप, नाडी, श्वास) भरलाय, श्वास 20. श्वास काय, आपल्या वॉर्डात न मोजताच सगळ्यांचा 20 लिहितात, तुम्हाला वेगळं सांगायला नको. हे सापडल्यावर मी गप्प बसावं असं तुमचं म्हणणं असेल तर ते मला जमणार नाही.

आणि हे काम फक्त पेशंटच्याच वकिलासाठी नसतं, हॉस्पिटलचे वकीलही पेपर वाचून घेतात. स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलचा 1998 चा निकाल आठवा. टायफॉइडचं पोर, डॉक्टरने लिहिलेलं इंजेक्शन वेगळंच, नर्सने शिरेतून दिलं लॅरिॲगो (मलेरियाचं औषध), पोराचा मेंदू कायमचा गेला. सुप्रीम कोर्टाने पोराला साडेबारा लाख आणि आईबापाला वेगळे पाच लाख कायम ठेवले, पैसे हॉस्पिटलने द्यायचे. ती नर्स पात्रच नव्हती, मग तिला तिथे उभं कुणी केलं? हा प्रश्न डॉक्टरच्या डोक्यात उशिरा येतो, नर्सच्या डोक्यात पहिला येतो. ड्युटी लिस्ट मागा, त्या रात्री किती पेशंटला किती सिस्टर होत्या ते बघा, हे वकिलाला आपण नाही सांगणार तर कोण?

जीएनएमच्या पोरींचं म्हणाल तर तिथे मी तुमच्याच बाजूची आहे. व्हॉट्सॲपवर फिरतात ते "इंटरनॅशनल सर्टिफिकेट" कोर्स, त्यावर एक रुपया घालू नका, इथे वकील ते सर्टिफिकेट बघतही नाही. दुसरं, जीएनएम हा डिप्लोमा आहे, त्यावर तीन वर्षांच्या एलएलबीला ॲडमिशन मिळत नाही, आधी पोस्ट बेसिक (जीएनएमनंतरची नर्सिंगची डिग्री) तरी करायला लागतं नाहीतर बारावीवरचा पाच वर्षांचा कोर्स. आणि सनद घेतली की फुल टाइम पगारी नोकरी करत वकिली करता येत नाही, हे बऱ्याच जणींना कुणी सांगतच नाही. कॉलेजातून निघून थेट इकडे यायचा विचार तर सोडूनच द्या. ज्या मुलीने आयसीयूत किंवा लेबर रूमला नाईट काढल्या नाहीत, ओव्हर घेताना (ड्युटी बदलताना पेशंट ताब्यात घेताना) काय सांगायचं राहून जातं हे जिने अनुभवलं नाही, तिला वरची ती 126 ची नाडी नुसता आकडाच दिसणार.

वॉर्डात माणसं नाहीत आणि तू त्यांना बाहेर बोलावतेस, असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. मॅडम, माझं वाचून कुणी वॉर्ड सोडत नाही, ड्युटी लिस्ट बघून सोडतात.

चिरंजीवांना माझा नमस्कार सांगा. त्यांच्याकडे एखादी मेडिकलची फाईल पडून असेल तर नावं झाकून पाठवायला सांगा, फी ठरवून बघते. फक्त डिस्चार्ज कार्ड नको, नर्सेस नोट्स आणि इनटेक-आउटपुटची शीट (पोटात किती गेलं, लघवी किती झाली) हवीच. हॉस्पिटल देत नसेल तर लेखी अर्ज करायला लावा, डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या 2002 च्या नियमाप्रमाणे 72 तासात कागद द्यायला लागतात.