डब्यावर २०००, हातात ४०

सध्या फिरणारा संदेश असा: ‘हार्ड डिस्क आता भंगार. टाइप-सीची एसएसडी घ्या, कुठल्याही लॅपटॉपला लावा, सेकंदाला २००० एमबी वेग मिळेल आणि डेटा कायमचा सुरक्षित राहील.’

एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा साठवणारी ड्राइव्ह. टाइप-सी हा पिनेचा आकार आहे, त्यावरून वेग कळत नाही. फोन चार्जिंगच्या कितीतरी टाइप-सी केबली आतून यूएसबी २.० या जुन्या, संथ प्रकारच्याच असतात. २०२३ च्या साध्या आयफोन १५ ला टाइप-सी पोर्ट मिळाला, वेग मात्र यूएसबी २.० चाच राहिला. अशा केबलीतून सेकंदाला जेमतेम ४० एमबी जातात, म्हणजे २०० जीबी चित्रीकरणाला सव्वा तासाहून जास्त. तेवढंच काम ‘भंगार’ अडीच इंची हार्ड डिस्क यूएसबी ३ वर साधारण अर्ध्या तासात उरकते!

आता ते २०००. त्यासाठी सेकंदाला २० गिगाबिटचा ‘जेन २ बाय २’ नावाचा यूएसबी पोर्ट लागतो, आणि तो मोजक्याच लॅपटॉपना असतो. थंडरबोल्ट ४ हा वेगवान पोर्ट असलेल्या महागड्या लॅपटॉपवरही अशी ड्राइव्ह बहुधा १० गिगाबिटवर उतरते, म्हणजे फार तर १००० एमबी. ५ गिगाबिटच्या पोर्टवर ४५० च्या आसपास. म्हणून आधी आपल्या लॅपटॉपचा पोर्ट बघावा. बहुतेकांना १० गिगाबिटची ड्राइव्ह पुरते, वरचे पैसे क्षमतेवर घालावेत.

शिवाय डब्यावरचा आकडा कॉपीच्या सुरुवातीचा असतो. ड्राइव्ह आधी वेगवान कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, लिहिते. ती भरली की स्वस्त क्यूएलसी (मेमरीच्या एका पेशीत चार बिट ठेवणाऱ्या) ड्राइव्हचा वेग कधीकधी हार्ड डिस्कच्याही खाली जातो. छोटं, बंदिस्त कवच तापलं की ड्राइव्ह स्वतःच वेग कमी करते. रिव्ह्यू वाचताना सलग मोठ्या लेखनाचा आलेख शोधा. तो नसेल तर त्या रिव्ह्यूवर वेळ घालवू नका.

‘कुठल्याही लॅपटॉपला’? ड्राइव्ह एनटीएफएस या विंडोजच्या फॉरमॅटमध्ये असेल तर मॅक ती वाचतो, पण त्यावर लिहीत नाही. दोन्हीकडे वापरायची तर एक्सफॅट फॉरमॅटमध्ये करा.

राहिलं ‘कायमचं सुरक्षित’. एसएसडी पडझड सोसते, हे खरं. पण कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी चिप) अचानक गेला की डेटा परत काढणं अवघड, आणि वर्षानुवर्षं वीज न मिळता उष्ण जागी पडून राहिली तर पेशींतला विद्युतभार झिरपत जातो. रोजच्या कामाला एसएसडी घ्या, आणि त्याची दुसरी प्रत त्या भंगारात काढलेल्या हार्ड डिस्कवर ठेवा.