‘आधी भाषा, मग वर्ग’ हा उलटा हिशेब आहे

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय. निर्वासित आणि स्थलांतरित मुलं वर्गात आली की बाकीच्यांचा अभ्यास बुडतो. त्यांना वेगळं बसवून आधी भाषा शिकवा, घरी त्यांची भाषा बंद करायला लावा, कागदपत्रं नसतील तर प्रवेशच देऊ नका.

अभ्यास बुडतो? जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर हैतीतून हजारो मुलं फ्लोरिडाच्या शाळांत आली, तीही वर्ष निम्मं झाल्यावर. याहून कठीण कसोटी कोणती? डेव्हिड फिगलिओ आणि उमुत ओझेक या अर्थशास्त्रज्ञांनी आधीपासून शिकणाऱ्या मुलांचे गुण तपासले. त्यांत घसरण आढळली नाही. शिक्षकांवर ताण येतो, हे मात्र खरं. मग जादा शिक्षक मागा ना! मुलांना कशाला हाकलता?

‘आधी भाषा’ हे ऐकायला पटतं, म्हणूनच ते जास्त घातक आहे. रोजचं बोलणं मुलं साधारण एक-दोन वर्षांत उचलतात. पुस्तकातली भाषा पेलायला पाच ते सात वर्षं लागू शकतात, असं द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवून दिलंय. तोवर गणित, विज्ञान थांबवायचं? एखादी मुलगी अपूर्णांक सहज सोडवते, पण ‘टाकीतलं निम्मं पाणी वापरलं, उरलेल्यातलं एक तृतीयांश सांडलं, तर एकूण पाण्यापैकी किती सांडलं?’ इथे अडते. तिला ‘उरलेल्यातलं’ कळत नाही. टाकीचं चित्र काढून द्या, ती लगेच एक षष्ठांश सांगते. तिला भाषेची वेगळी तासिका हवीच, पण वर्गासोबत. आणि सुरुवातीचे काही महिने मूल गप्प राहिलं, तर ते मंद आहे असा शिक्का मारू नका. ते ऐकून साठवत असतं.

घरची भाषा तोडण्याचा सल्ला तर निव्वळ क्रूर आहे. त्या भाषेत वाचायला शिकलेलं मूल दुसरी लिपी लवकर पकडतं. शिवाय आईशी मन मोकळं करायचं ते कोणत्या भाषेत?

राहिली कागदपत्रं. १९५१ च्या निर्वासित कराराचं कलम २२ सांगतं की प्राथमिक शिक्षणात निर्वासितांना नागरिकांसारखीच वागणूक द्यावी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली ‘प्लायलर विरुद्ध डो’ खटल्यात देशात राहण्याची कायदेशीर कागदपत्रं नसलेल्या मुलांना सरकारी शाळेतून वगळता येणार नाही, असा निकाल दिला. घर सोडून पळताना दाखला कोण शोधत बसतं? मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवा, दाखल्याचं नंतर बघू.