‘बाहेर गाडी उघडली की वॉरंटी गेली’ : हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

महिनाभरापासून आमच्या माजलगावच्या चार-पाच ग्रुपांवर एकच मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा : आताच्या गाड्या म्हणजे कॉम्प्युटर, स्वतः किंवा गावच्या मिस्त्रीने हात लावला की कायद्याने वॉरंटी संपते, बाहेर मिळणारे पार्ट सगळे डुप्लिकेट, आणि कंपनीने गाडीच्या कॉम्प्युटरला कुलपं घातलीत ती तुमच्याच जिवासाठी. पाठवणारे आपलेच लोक आहेत, काळजीपोटी पाठवतात. पण यातलं बरंचसं खोटं आहे.

आधी वॉरंटी. ‘कायद्याने’ म्हणजे कोणत्या कायद्याने, हे मेसेजमध्ये नाही, कारण तसा कायदाच नाही. वॉरंटी म्हणजे कंपनीने स्वतः लिहिलेल्या अटी. त्या अटींबद्दलच भारतीय स्पर्धा आयोगाने, म्हणजे कंपन्यांनी बाजार अडवू नये हे पाहणाऱ्या सरकारी संस्थेने, २५ ऑगस्ट २०१४ला १४ कार कंपन्यांविरुद्ध आदेश काढला आणि अडीच हजार कोटींहून जास्त दंड लावला. आयोग म्हणाला, बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका. बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं बिघडलं, तेवढ्यापुरतीच नाकारा. म्हणजे मिस्त्रीने ऑइल बदललं आणि पुढे काचेची मोटार गेली, तर मोटारीचा ऑइलशी संबंध काय? कंपन्या अपिलात गेल्या हेही सांगितलं पाहिजे. २०१६मध्ये तीन कंपन्यांच्या अपिलात न्यायाधिकरणाने दंड कमी केला, पण त्यांनी बाजार अडवला हा निष्कर्ष तसाच ठेवला.

आता ‘कॉम्प्युटर’वाला मुद्दा. हा माझ्या अंगावर आलेला आहे. मागच्या वर्षी माझ्या गाडीचे मागचे ब्रेक पॅड संपले. गाडीला हँडब्रेकचा दांडा नाही, बटण आहे. आत छोटी मोटार पिस्टन दाबून धरते. पॅड बदलायचे तर आधी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारं यंत्र) लावून ती मोटार मागे घ्यावी लागते. जबरदस्तीने दाबलं तर मोटारीचे गिअर तुटतात. आमचे उस्ताद तीस वर्षं हेच काम करतात, त्यांना हे सगळं ठाऊक होतं. त्यांनी स्वतःच्या पैशाने स्कॅनरही घेतलाय. पण गाडी त्याला दाद देईना, कंपनीच्या सर्व्हरचं लॉगिन मागत राहिली. शेवटी गढी, गेवराई, शहागड, पाचोड करत, ब्रेक घासत असलेली गाडी मी संभाजीनगरला नेली. तिथे काम तासाभरात झालं. माझा दिवस गेला, डिझेल गेलं, आणि शंभर किलोमीटरहून जास्त अंतर मी अपुऱ्या ब्रेकवर काटलं. यात कुणाचा जीव वाचला?

उस्तादांना काम येत नव्हतं असं नाही. त्यांच्याकडे नव्हती ती परवानगी. ‘गावच्या मिस्त्रीला नव्या गाड्या कळत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी एवढा फरक तरी करावा. २०१४च्या आदेशात सुटे पार्ट आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांनाही उपलब्ध करा, असंही म्हटलं होतं.

डुप्लिकेट पार्ट बाजारात आहेत, नाकारत नाही. नकली ब्रेक पॅड मीही कधी घेणार नाही. पण फिल्टर, पॅड, बेअरिंग यांतलं बरंच काही कार कंपनी स्वतः बनवतच नाही, पुरवठादार बनवतात. तेच पार्ट पुरवठादारांनी थेट बाजारात विकू नयेत म्हणून कंपन्यांनी करारात अटी घातल्या होत्या, हे आयोगाच्याच चौकशीत निघालं. अस्सल माल दुकानात येऊ द्यायचा नाही आणि मग दुकानातला माल नकली म्हणायचं, हा कुठला न्याय?

राहिला सुरक्षेचा मुद्दा. एअरबॅग आणि इलेक्ट्रिक गाडीच्या जास्त दाबाच्या केशरी वायरी घरी उघडू नका, हे मीही सांगेन. मीटर मागे फिरवणं तर सरळ फसवणूक आहे. पण म्हणून ऑइल, बॅटरी, पॅड यांनाही कुलूप? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मे २०२१मध्ये तिथल्या संसदेला अहवाल दिला. दुरुस्तीवरच्या निर्बंधांसाठी कंपन्या जी कारणं देतात, त्यांना फारसा पुरावा नाही, असं त्यात नोंदवलंय.

आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या यादीत मोबाइल, घरगुती उपकरणं, मोटारी आहेत आणि शेतीची अवजारंही आहेत. हे शेवटचं आपल्यासाठी फार महत्त्वाचं. ऊसतोडणीच्या हंगामात हार्वेस्टर कंपनीच्या कुलपाच्या कोडसाठी दोन दिवस फडात उभा राहिला तर काय होतं, ते इथल्या माणसाला सांगायला नको.

तर मेसेज पुढे पाठवण्याऐवजी एवढं करा. ऑइल, फिल्टरची बिलं जपा. बदललं त्या दिवशी मीटरचा फोटो काढा. सर्व्हिसची तारीख चुकवू नका, तिथे कंपनीला खरंच कारण मिळतं. आणि काउंटरवर कुणी ‘वॉरंटी गेली’ म्हणालं, तर बाहेरच्या कामाने नेमकं काय बिघडलं ते कागदावर लिहून मागा. लिहून देईनात तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथेच उभं राहून लावा.